नंदीच्या पोटाखालची अक्षरं

रवि., ९ मार्च

धप्प. असा आवाज होता तो, डॉक्टरसाहेबांच्या काळ्या मोटारीचं दार लागल्याचा. आमच्या गावी, कोहिनूरला, बाजाराच्या दिवशी ते यायचे, मोटार शाळेच्या भिंतीला लागून उभी राहायची. दार लागलं की आम्ही कविता म्हणता म्हणता थांबायचो. गुरुजीही थांबायचे. जड, भरलेला आवाज. ओळीच्या शेवटी यमक बसावं तसा.

आज गुलबर्ग्याला (गु.) शोरूममध्ये चि. महेशनं नव्या मोटारीचं दार लावून दाखवलं. फट्. पत्र्याची पेटी. बोटानं दाबून पाहिलं तर पत्रा दबतो. एवढी लांबरुंद गाडी, मागं चौघांच्या पेट्या मावतील एवढी डिकी, आणि अंगावर साल कांद्याची. विकणारा म्हणाला, काका, पत्रा बघू नका, क्रॅश टेस्टमध्ये पाच तारे मिळालेत हिला. म्हटलं, तारे आभाळात बघतो मी, गाडीचा पत्राच बघणार. सूनबाई (सुवर्णा) हसली. महेश हसला नाही. पैसे भरून मोकळा. पाडव्याला गाडी मैलूरच्या आपल्या दारात.

महेशची औषध कंपनीत फिरती. हुमनाबाद, गु., उमरगा. लहान गाडी बरी चालत होती की. पण त्याच्या हाताखालच्यानं मोठी घेतली, मग यालाही...

परतताना सौ.ला सांगत होतो तर म्हणाली, तुम्हाला कुणी विचारलंय.

मंगळ., ११ मार्च

रशीदमियाँकडं गेलो. आम्ही दोघं एकाच आवारात नोकरी केली. मी मराठी शाळेत भाषा, ते उर्दू शाळेत विज्ञान. मधली भिंत एवढी बारकी की त्यांचा न्यूटन माझ्या शार्दूलविक्रीडितात यायचा. निवृत्तीनंतर भिंत गेली, माणूस राहिला.

त्यांच्या मोबाइलवर त्या गाडीची परीक्षा पाहिली. आत माणसाएवढ्या बाहुल्या बसवलेल्या, कानशिलावर काळ्या-पिवळ्या चकत्या. गाडी सोडली आणि ठोकळ्यावर आपटवली. नाक पार आत. निखाऱ्यावर पापड आक्रसतो तसं. मी तिथंच म्हणालो, ही पास? हिला तर त्याच वर्गात बसवायला पाहिजे पुन्हा. लाखो रुपयांचा चुराडा दाखवतात आणि वर तारे वाटतात, लाज कशी वाटत नाही.

रशीदमियाँनी पुन्हा लावलं. हळू चालवलं. "मास्टर, नाक कू नको देखो. दरवाजा देखो."

दार सरळ. काचेच्या बाजूचा खांब सरळ. बाहुली पांढऱ्या पिशवीत तोंड खुपसून बसलेली, आईच्या कुशीत गेल्यासारखी.

"नाक मरता, म्हणून आदमी बचता," म्हणाले.

मला पटलं नाही. वाक्य मात्र छान आहे. त्यांना तसं सांगितलं. म्हणाले, वाक्याला मार्क देऊ नका, समजलं का ते बोला.

शुक्र., १४ मार्च

डोक्यातून जात नाही. डॉक्टरसाहेब त्याच काळ्या मोटारीत गेले. बसवकल्याणच्या वळणावर, लिंबाच्या झाडाला धडकून. अख्खं कोहिनूर बघायला गेलं, मी वडलांच्या खांद्यावर. मोटारीचं पुढचं लोखंड जेमतेम वाकलं होतं. लोक पत्र्यावर बुक्क्या मारून बघत होते, काय मजबूत काम आहे म्हणत होते. डॉक्टर आत बसलेलेच होते. झोप लागल्यासारखे. पुढल्या महिन्यात ती मोटार दुसऱ्या कुणी घेतली आणि चालवली.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. वर्गात, लग्नाच्या पंगतीत. मोटारीचं कौतुक म्हणून सांगत आलो.

लोखंडानं धक्का घेतलाच नाही. जसाच्या तसा आतल्या माणसाच्या हवाली केला. एवढं साधं. आणि आम्ही पत्र्यावर बुक्क्या मारत होतो.

दिवसभर संताप. कुणावर, ते कळेना. सौ.नं विचारलं, कामून गप बसलाव. म्हटलं, काही नाही, यमक चुकलं.

रवि., ३० मार्च. पाडवा

गाडी आली. पांढरीशुभ्र. काल शोरूममधून निघाल्यावर महेशनं वाटेतच गाद्यांना तपकिरी रेक्झिनची घट्ट कव्हरं शिवून घेतली. कंपनीचं मऊ कापड झाकलं म्हणे, खराब होऊ नये. नवरीच्या शालूवर टॉवेल गुंडाळावा तसं.

व्याही शरणप्पा आणि विहीणबाई गु.हून आले. शरणप्पांचं तुरीचं आडत दुकान, माणूस दिलदार, आवाज मोठा. विहीणबाई त्यांच्या दोन पावलं मागं, नेहमीप्रमाणं. कधी दोन वाक्यं सलग बोलल्या असतील तर मला आठवत नाही. आमच्यात नव्या गाडीत देव बसवायचा मान सुनेच्या माहेरचा. शरणप्पांनी बिदरी कामाचा नंदी मुद्दाम घडवून घेतलेला. काळाभोर, अंगावर रुप्याची झूल, शिंगं टोकदार, हातात घेतला तर मनगट खाली जातं. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं नंदी गाडीत पुढं बसवला. डाव्या बाजूला, मध्यावर. दोन नळ्यांचा तो डिंक, एकदा बसला की बसला. "मास्तर, आता ह्यो गाडी मोडल तवाच निघणार," म्हणाले.

मीही हात जोडले. खोटं कशाला लिहू, डोळे भरले. उन्हात रुप्याची वेलबुट्टी चमकत होती. जागेवर दोन ओळी सुचल्या, म्हणून दाखवल्या:

काळ्या मेघावर रुप्याची नक्षी,
बैसला नंदी, वाट ही रक्षी.

शरणप्पा खूश. होळगी, म्हणजे पुरणपोळी, तुपात बुडवून मला वाढली.

गुरु., ३ एप्रिल

पहिली फेरी, हुमनाबादपर्यंत. महेश चालवायला, सुवर्णा शेजारी, नात चिनू तिच्या मांडीवर. मी आणि सौ. मागं.

बसल्या बसल्या गाडी ओरडायला लागली. टिंग टिंग टिंग टिंग. पट्टा लावा म्हणून. सगळे लघु, एकही गुरू नाही, असं वृत्त कुणी कवी लिहिणार नाही. महेशनं खिशातून पट्ट्याची नुसती जीभ काढली, बाजारात मिळते म्हणे, खाचेत खुपसली. गाडी गप. तीच युक्ती सुवर्णाच्या बाजूला. परीक्षेत पाच तारे मिळवणाऱ्या हुशार मुलीच्या तोंडात बोळा.

चिनूचा नवा खेळ. देवळात नंदीच्या कानात मागणं सांगतात ना, ते तिला आजोळी शिकवलेलं. चौथं वर्ष लागलंय. आईच्या मांडीवरून पुढं वाकते, दोन्ही हात नंदीच्या कानाभोवती धरते आणि कुजबुजते. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. काय मागितलंस विचारलं तर म्हणते, सांगितलं की होत न्हाई.

परतताना ऊन तिरपं आत आलं. चिनूला झोप लागली, तिला मागं आडवं करायचं म्हणून मी आणि सुवर्णानं जागा बदलली होती. नंदी माझ्या नाकासमोर. उन्हात त्याच्या पोटाखाली काहीतरी उठून दिसलं. बोट फिरवलं. इंग्रजी अक्षरं, प्लास्टिकमध्येच उमटवलेली. एअरबॅग.

डोळ्यांवर ऊन येतं म्हणून वरची झडप खाली केली. तिच्यावर चित्र: लहान मूल, समोर फुगलेली पिशवी, त्यावर लाल रेघ.

रेघ म्हणजे चूक. एवढं तर मला कळतं. आयुष्यभर तेच केलं.

शनि., ५ एप्रिल

रशीदमियाँना घरी बोलावून गाडी दाखवली. आत वाकून बघितलं, नंदीला हात लावला नाही. मग म्हणाले, ती पिशवी याच झाकणातून निघते. डोळा लवायच्या आत. झाकण उडतं. झाकणावर जे असेल ते...

मी म्हटलं, दोन-अडीच किलो तरी असेल.

"और बच्ची किधर बैठती?"

त्यांना माहीत होतं. चिनू त्यांच्याही मांडीवर वाढलीय.

जाताना गाद्यांच्या कडाही चाचपून पाहिल्या. म्हणाले, इथंही पिशव्या शिवलेल्या असतात, कुशीतून बाहेर येतात. तुमच्या रेक्झिननं तोंडं शिवून टाकलीत.

म्हणजे गाडी पास झाली होती. नापास आम्ही केली. घरी आणल्यावर, वाजतगाजत.

रवि., ६ एप्रिल

महेशला सांगितलं. जेवताना नको होतं सांगायला, पण राहवलं नाही.

म्हणाला, अण्णा, सगळ्या गाडीत देव असतोय. मग काय सगळं जग मेलं का? म्हटलं, सगळ्यांचा देव तळहाताएवढा असतो, वाऱ्यानं हलतो. तुझा देव अडीच किलोचा आणि बंदुकीच्या तोंडावर बसवलेला. तो उठला. म्हणाला, तुम्ही पेपर तपासणं सोडलं, तांबडा पेन काय सोडवंना तुम्हाला.

सुवर्णाचे डोळे भरले. "मामा, अप्पानं दोन महिने मागं लागून करून घेतलाय तो. बंदूक म्हणायलाव तुम्ही."

चुकलं ते. देवाला बंदूक म्हणालो नव्हतो. पण वाक्य तसंच ऐकू गेलं.

सौ. भांडी उचलत म्हणाली, तुम्ही कविता शिकवली, मोटार न्हाई.

या घरात मी एकटाच वाचतो का? झडपेवर चित्र आहे. चित्र. अंगणवाडीतल्या पोराला कळेल असं. इंजिनिअर लोकांनी डोकं फोडून बाहुल्या आपटवल्या, मोजल्या, पुन्हा आपटवल्या, त्यातून एक चित्र काढलं. आणि आम्ही त्यावर झडप बंद करून कुंकू लावतो.

सोम., १४ एप्रिल

राग आहे तोवरच लिहितो.

दुपारी हुमनाबादच्या अलीकडं म्हैस आडवी आली. महेशनं जोरात ब्रेक मारला. चिनू नंदीशी बोलायला वाकलेली. कपाळ शिंगावर. दोन टाके पडले. भुवईच्या जरा वर. डोळ्याच्या जरा वर, असं लिहायला पाहिजे खरं तर.

गाडी कशाला धडकली नाही म्हणून पिशवी फुटली नाही. एवढंच आमचं नशीब.

आणि घरी येऊन सगळे काय म्हणाले? नंदीनं अडवली. नंदी नसता तर लेकरू काचेतून बाहेर गेलं असतं. महेशही मान डोलावत होता. शेजारच्या तिघी बायका येऊन गाडीत डोकावून पाया पडून गेल्या. संध्याकाळी शरणप्पांचा फोन, सगळ्यांना ऐकू येईल असा लावलेला. म्हणाले, बघितलं का मास्तर, बसवला तवाच म्हणलं होतं. आता त्याला अभिषेक घालू, शिंगांना चांदीच्या टोप्या करू.

माझ्या तोंडून निघालं, टोप्या कुणाला, नंदीला का तुमच्या नातीला? महेशनं फोन उचलून बाहेर नेला.

मारणाऱ्यानंच वाचवलं म्हणून त्याची पूजा. हा कोणता अलंकार? विरोधाभास शिकवताना एवढं चांगलं उदाहरण कधी सापडलं नव्हतं. लाज वाटते असं काही सुचतं तेव्हा. आत लेकरू पट्टी बांधून झोपलंय.

बुध., १६ एप्रिल

आज नमतं घेतलं. सुवर्णाला बाजूला बसवून हळू बोललो. म्हटलं, नंदी राहू दे. तू नि चिनू मागं बसा. तिच्यासाठी मागं बांधायची खुर्ची मिळते, तेवढी आणू. मी तुझ्या वडलांचा अपमान करत नाही.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, मागं बसलं की चिनूला मळमळतंय. आणि नंदीबिगर ती बसतच न्हाई, रडून गाव गोळा करती. मागं एकटीला बांधून घालू का कैद्यासारखी? आई मांडीवर घेती तवाच लेकरू शांत राहतंय, तुमच्या परीक्षेतल्या बाहुलीला आई होती का मामा?

प्रश्न चुकीचा आहे, हे माहीत आहे मला. पण मांडी ही जगातली सगळ्यात सुरक्षित जागा, असं मीच शिकवलं. कितीतरी कवितांतून.

रवि., २० एप्रिल

काढला.

सकाळी रशीदमियाँना म्हटलं, चला, दोघं मिळून काढू. त्यांनी कानाला हात लावला. "मास्टर, माझा हात नको. तुमचे देव, तुमचे व्याही. उद्या रशीदनं काढला म्हणतील, मग गल्लीत नुसतं नंदीचं राहायचं नाही." खरं आहे. वाईट वाटलं, की खरं आहे. पण कसा काढायचा ते सांगितलं: गरम पाण्याचं फडकं, आणि बारीक मजबूत दोरा करवतीसारखा ओढायचा.

जेवण करून महेश-सुवर्णा आडवे झाले. मी किल्ली घेऊन अंगणात. ऊन असं की गाडीत हात ठेववेना. डिंक मऊ व्हायला बरं, म्हणालो. दोरा एकट्यानं ओढता येईना. तेवढ्यात सौ. पातेलं घेऊन आली, गरम पाण्याचं. दुसरं टोक धरलं. दोघं म्हातारे समोरासमोर, आरा चालवल्यासारखे. एकदाच म्हणाली, हळू, मान मोडंल त्याची.

निघाला. तिनं पदरात घेतला आणि देवघरात नेऊन ठेवला. हळदकुंकू वाहिलं, माझ्याकडून नमस्कार करवून घेतला. नंतर मी ब्लेडनं पुढच्या दोन्ही गाद्यांच्या कव्हरांच्या कडा उसवल्या. आत खरंच छोटी चिठ्ठी शिवलेली आहे, एअरबॅग.

तू कशी आलीस मदतीला, विचारलं तर म्हणते, नातीच्या कपाळाचे टाके मी धुतले, तुम्ही न्हाई.

शुभ कार्य चाललं होतं तोवर बरं. महेश उठला आणि बघितलं. झाकणावर डिंकाचा ओबडधोबड डाग, दोऱ्याच्या रेघा. म्हणाला, नवीन गाडी, अण्णा. मला म्हणाला, तुमचं डोकं फिरलंय. आवाज चढवून नाही, हळू. हळू म्हणाला ते जास्त लागलं. सुवर्णानं देवघरात जाऊन नंदीकडं बघितलं, मग दार लावून घेतलं.

मंगळ., २२ एप्रिल

शरणप्पांचा फोन. यावेळी मलाच.

शांतपणे बोलले. म्हणाले, मास्तर, पोरीच्या बापानं दिलेला देव तुम्ही दोऱ्यानं कापला. आमच्यात हे कुठं बसत न्हाई. मी समजावायला गेलो, नाक मरतं म्हणून माणूस वाचतो, डॉक्टरसाहेबांची मोटार, सगळं. ऐकून घेतलं त्यांनी, आडतीवर गिऱ्हाइकाचा भाव ऐकून घ्यावा तसं. मग म्हणाले: "आता दुसरा बनवायला टाकलाय. ह्याच्याहून मोठा. या खेपेला स्क्रू मारून बसवतो. मग बघू मास्तरांचा दोरा चालतोय का."

स्क्रू. त्या झाकणात.

रशीदमियाँना सांगितलं तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

मी काय करू. त्यांना वाटतं मी मानापमानासाठी भांडतोय. चांगला माणूस आहे हो तो. नातीवर जीव आहे. नातीला वाचवायला म्हणूनच स्क्रू मारणार आहे तो. हेच तर. दुष्ट माणसाशी भांडणं सोपं असतं, सगळ्या कविता त्यासाठी तयार असतात.

शुक्र., २५ एप्रिल

महेश माझ्याशी बोलत नाही. सुवर्णा ताट वाढते, "मामा, भात?" एवढंच. सकाळी महेश फिरतीवर निघाला. फाटकाशी गाडी वळवताना टिंग टिंग ऐकू आलं. म्हणजे ती जीभ खाचेत नव्हती. मग पट्टा लावला असेल, आवाज थांबला. का विसरला आणि मग पुन्हा जीभ खुपसली? विचारलं नाही. विचारलं की बिघडतं.

शोरूमवाल्यांना मी गुपचूप फोन केला होता. झाकण खरवडलं गेलंय, पिशवी नीट निघेल का. म्हणाले, गाडी आणा, बघावं लागेल. मग म्हणाले, सर, इथं आमच्याकडं रोज चार गाड्यांत देव बसतात, आम्ही काय बोलणार. मी म्हटलं, बोलायचं. पाच तारे सांगता ना तोंड भरून, मग सहावं वाक्यही सांगायचं. आवाज चढला असावा. सौ.नं येऊन फोन काढून घेतला.

बुध., ३० एप्रिल. बसवजयंती

शरणप्पांचा निरोप सुवर्णाकडं: नंदी तयार आहे. रविवारी गाडी घेऊन या, दुपारचं जेवण करू, कारागीर बोलावून ठेवलाय, बसवून टाकू.

महेश हो म्हणालाय. का, ते सांगत नाही. मी म्हटलं, मी येतो, पुढं मी बसतो. म्हणाला, तुम्ही नका येऊ अण्णा, तिथं आणखी वाढंल.

चिनूची जखम भरत आलीय. रेघ राहील. ती आता देवघरात नंदीच्या कानात बोलते. आज मी हळूच विचारलं, काय मागतेस गं. पहिल्यांदाच सांगितलं. म्हणाली, गाडीत परत ये म्हणते मी त्याला.

रवि., ४ मे

दहा वाजता निघणार आहेत. सुवर्णानं पेटी भरून दारात ठेवलीय. सौ. स्वयंपाकघरात डबा बांधते आणि मला ऐकू जाईल अशी भांडी आपटते. रात्रीत मनाशी ठरवलं होतं, गाडीच्या पुढं आडवा झोपेन. सकाळी अंगणात जाऊन बघून आलो कुठं झोपायचं. मग स्वतःचाच राग आला. म्हातारा माणूस उचलून बाजूला ठेवायला किती वेळ लागतो.

शेवटचं म्हणून एक कागद लिहिला. भाषण नाही, कविता नाही. झडपेवरचं चित्र जमेल तसं काढलं, मूल, पिशवी, लाल रेघ. शरणप्पांच्या हातात द्या म्हणून महेशपुढं धरला. त्यानं घडी घालून खिशात ठेवला. न बघता.

तेवढ्यात फाटक वाजलं.

दारात विहीणबाई. एकट्या. हातात पिशवी, चपलेवर धूळ, पहाटेच्या बसनं आल्यात. मी त्यांच्या मागं बघत राहिलो, शरणप्पा रिक्षाचे पैसे देत असतील म्हणून. मागं कोणी नव्हतं. सुवर्णा आतून बाहेर आली, केस अर्धे विंचरलेले, तोंडातून नुसतं "अव्वा?" निघालं. बापाला सांगून आलीस का, तिनं विचारलं. विहीणबाई खाली वाकल्या. चिनूला जवळ ओढून कपाळावरच्या रेघेवर बोट फिरवलं. आजवर ती जखम त्यांनी फोनवरच बघितली होती.

सौ.नं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी घेतला नाही.

"पाणी मागनं घेती. आदी मला गाडीत बसवा. माझी नात बसती तिथं. तिथनं बघिते, मग स्क्रूचं बोलू."

हे घाईघाईत लिहितोय. त्या अंगणात गाडीच्या डाव्या दाराशी उभ्या आहेत, चिनूचा हात धरून. महेश किल्ली शोधतोय. किल्ली त्याच्याच हातात आहे.